शोकेसमधली मूर्ती उलटी करून बघा

इमारत पुनर्विकासाला गेली की बिऱ्हाड हलवण्याच्या घाईत शोकेस रिकामी करायचं काम सगळ्यात शेवटी येतं आणि सगळ्यात बेफिकिरीने उरकलं जातं. पितळेची भांडी वजनावर जातात, सागवानी कपाटाला गिऱ्हाईक मिळतं. चिनी मातीची हंसाची जोडी, बासरीवाला कृष्ण, छत्री घेतलेली मडम हे सगळं मात्र एका खोक्यात कोंबून जुन्या सामानवाल्याला ‘घेऊन जा बाबा’ म्हणून देऊन टाकतात. माझं सांगणं एवढंच आहे, की ते खोकं देण्याआधी त्यातली एकेक वस्तू हातात घ्या आणि उलटी करून बघा. ज्यांच्या घरात असं खोकं नाही, पण दुकानाच्या काचेआडची लखलखती मूर्ती पाहून ज्यांचे पाय थबकतात, त्यांनीही पाकिटात हात घालण्याआधी तेच करावं.

भिंतीवरचं चित्र ही कला, देवळातली दगडी मूर्ती ही कला, आणि तळहातावर मावणारी चिनी मातीची बाहुली ही मात्र ‘शोभेची वस्तू’, असा आपला हिशेब असतो. तो मला पटत नाही. चैत्रगौरीच्या आरासीत घरातल्या बाईने याच बाहुल्या पायऱ्यापायऱ्यांवर मांडल्या, कुठली पुढे, कुठली मागे, दिव्याचा उजेड कुणावर पडला पाहिजे, हे सगळं तिने नजरेने ठरवलं. संग्राहक करतो ते याहून वेगळं काय असतं? फरक एवढाच, की तिला कुणी संग्राहक म्हटलं नाही, आणि वस्तू कुठून आली, कुणी घडवली, हे तिला कुणी सांगितलं नाही. तेवढी माहिती आता आपण मिळवू शकतो.

सुरुवात जर्मनीपासून करू, कारण आपण आज जिला चिनी मातीची ‘फिगर’ म्हणतो तिचं घराणं तिथलं. चीनमध्ये देव्हाऱ्यातल्या मूर्ती चिनी मातीत त्याआधीच घडत होत्या. फूच्येन प्रांतातल्या देहुआ गावच्या क्वान-यिन देवीच्या दुधाळ पांढऱ्या मूर्ती तर जहाजांनी युरोपात जात. पण ही पांढरीशुभ्र, उजेड झिरपू देणारी माती बनते कशी, ते युरोपला कित्येक पिढ्या कळलं नाही. सॅक्सनीचा अधिपती आणि पोलंडचा राजा ऑगस्टस याला तर तिचं वेडच होतं. 1717 साली त्याने आपले 600 घोडेस्वार प्रशियाच्या राजाला देऊन टाकले आणि बदल्यात 151 चिनी भांडी घेतली. माणसं देऊन भांडी घेणारा राजा शहाणा म्हणायचा की नाही, ते तुम्हीच ठरवा. त्यातल्या मोठ्या बरण्या ड्रेस्डेनच्या संग्रहालयात आजही त्या घोडेस्वारांच्या नावानेच ओळखल्या जातात.

याच ऑगस्टसने योहान फ्रीडरिश ब्योटगर नावाच्या एका तरुण किमयागाराला कोंडून ठेवलं होतं. हलक्या धातूचं सोनं करून देतो, असं तो म्हणत असे. सोनं काही झालं नाही. पण फॉन चिर्नहाउस या अभ्यासकाच्या सोबतीने भट्ट्या पेटवता पेटवता 1708 मध्ये त्याला चिनी मातीचं गमक सापडलं. 1710 मध्ये माइसेन गावच्या किल्ल्यात कारखाना निघाला, आणि त्या किल्ल्यातून गुपित बाहेर जाऊ नये म्हणून पहारे बसले. ब्योटगर 1719 मध्ये, सदतिसाव्या वर्षीच गेला. गुपितही फार दिवस राहिलं नाही. त्याच सुमाराला व्हिएन्नात दुसरा कारखाना उभा राहिला होता.

मूर्ती मात्र घडवल्या त्या 1731 मध्ये माइसेनला आलेल्या योहान योआखिम केंडलरने. हा मूळचा शिल्पकार. त्या काळी राजेरजवाड्यांच्या मेजवानीत टेबलावर साखरेच्या मूर्ती मांडत, आपल्याकडे लग्नाच्या रुखवतात मांडतात तशा. साखर विरघळते, मुंग्या लागतात. तिच्या जागी केंडलरच्या चिनी मातीच्या मूर्ती आल्या: नाटकातले विदूषक, मेंढपाळणी, फेरीवाले, प्राणी, पक्षी. 1750 नंतरच्या काही वर्षांत त्याच्या हाताखाली माकडांचा एक अख्खा वाद्यवृंद घडला. विगा घातलेली, नक्षीदार डगले ल्यालेली माकडं व्हायोलिन, कर्णे, ढोल वाजवत आहेत. ड्रेस्डेनच्या दरबारी वादकांची ती टिंगल होती असं म्हणतात. खरं असो वा नसो, त्या माकडांच्या फुगलेल्या गालांकडे पाहिलं की बनवणाऱ्याने खरे वादक नीट न्याहाळले होते, यात शंका राहत नाही. मूर्तीत आधी पाहायचं ते हे. भाव, तोल, वळण. किंमत नंतर.

आता ही वस्तू बनते कशी ते जरा सविस्तर सांगते, कारण पारख तिथूनच येते. शिल्पकार आधी मातीत मूळ नमुना करतो. मग तो कापतात: डोकं वेगळं, हात वेगळे, धड वेगळं. प्रत्येक तुकड्याचा प्लास्टरचा साचा होतो. साच्यात पातळ केलेली चिनी माती ओततात. प्लास्टर पाणी शोषून घेतं, साच्याच्या आतून मातीचा थर धरतो, उरलेली माती ओतून टाकतात. म्हणून बहुतेक मूर्ती आतून पोकळ असतात, आणि भट्टीत आतली हवा बाहेर पडावी म्हणून त्यांना बुडाशी किंवा पाठीला बारीक भोक असतं. ते भोक पाहून ‘फुटकी आहे’ म्हणून फेकू नका. सुटे भाग त्याच पातळ मातीने चिकटवतात, सांधे ओल्या ब्रशने पुसून घेतात, आणि मग तेराशे-चौदाशे अंश सेल्सियसची भट्टी. त्यात मूर्ती साधारण एक षष्ठांशाने आक्रसते. हात लांब पुढे केलेला असेल तर तो भाजताना वाकू नये म्हणून खाली टेकू द्यावा लागतो. इतक्या आचेत टिकणारे रंग मोजकेच, कोबाल्टचा निळा त्यातला मुख्य. बाकीचे नाजूक रंग नंतर चकाकीच्या (ग्लेझच्या) थरावरून भरतात आणि कमी आचेवर पुन्हा भाजतात.

कापडी लेसचा झगा घातलेली नर्तकी तुम्ही पाहिली असेल. ती लेस खरी असते, म्हणजे होती. खरी लेस पातळ मातीत बुडवून मूर्तीला नेसवतात. भट्टीत धागा जळून जातो आणि त्याच्या जागी मातीची जाळी उरते. ही जाळी बोट लागलं तरी तुटते. अशा नर्तकीची लेस शाबूत असेल तर त्या घरातल्या बायकांना मनोमन नमस्कार करावा.

एवढं कळलं की पारख अवघड नाही. साच्याच्या जोडाची रेघ नीट घासून काढली आहे का? बोटं सुटी आहेत की मिठाच्या खड्यासारखा एकच गोळा? डोळ्यांना पापणी आहे की नुसता काळा ठिपका? मग मूर्ती फिरवा. घाईच्या कामात पाठ कोरी सोडलेली असते, चांगल्या कामात केसांची वळणं मागेही भरलेली असतात. (याला अपवाद आहे. इंग्लंडच्या स्टॅफर्डशर भागात चुलीवरच्या फळीवर ठेवण्यासाठी सपाट पाठीच्याच मूर्ती करत. त्या भोळ्या मूर्तींनाही रसिक आहेत.) उजेडासमोर धरा, पातळ भागातून प्रकाश झिरपतो का बघा. नखाने टिचकी मारा. अखंड चिनी माती स्वच्छ वाजते, तडा असेल तर आवाज बसका येतो.

मग बूड. तिथे छाप असतो, आणि छापावरून काळ कळतो. 1890 च्या कायद्याने अमेरिकेत येणाऱ्या मालावर मूळ देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं. म्हणून देशाचं नाव छापलेली मूर्ती बहुधा त्यानंतरची. ‘ऑक्युपाइड जपान’ असं असेल तर ती महायुद्धानंतर जपान दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात होता त्या काळातली, म्हणजे 1952 पर्यंतची. ‘वेस्ट जर्मनी’ किंवा ‘वेस्टर्न जर्मनी’ असेल तर 1949 ते 1990 मधली. माइसेनची खूण म्हणजे एकमेकींना छेदणाऱ्या दोन निळ्या तलवारी, 1720 नंतरच्या दशकापासूनची. पण ही खूण जगभर इतक्या जणांनी चोरली की नुसत्या तलवारी पाहून हुरळू नये. आणि खऱ्या तलवारींवरही आडवी चीर पाडलेली दिसली, तर ती कारखान्यानेच दुय्यम ठरवून विकलेली वस्तू आहे असं समजावं. छाप म्हणजे साक्षीदार, न्यायाधीश नव्हे. मूर्तीचं काम एक सांगतंय आणि छाप दुसरं, तर कामावर विश्वास ठेवा.

आपल्या जुन्या घरांत सापडणारा एक प्रकार मला फार मोलाचा वाटतो, आणि तोच सर्रास फेकला जातो. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत जर्मनीतल्या आणि नंतर जपानमधल्या कारखान्यांनी खास हिंदुस्थानच्या बाजारासाठी चिनी मातीचे देव घडवले. लक्ष्मी, सरस्वती, कृष्ण. चेहरे थेट रविवर्म्याच्या छापील चित्रांमधले. ती चित्रं लोणावळ्याजवळ मळवलीच्या छापखान्यात जर्मन तंत्रज्ञांच्या हाताखाली छापली जात होती, हे लक्षात घेतलं की वर्तुळ पुरं होतं. त्रावणकोरच्या चित्रकाराची लक्ष्मी, मावळात जर्मन यंत्रावर छापलेली, जर्मनीतल्या भट्टीत भाजलेली आणि गिरगावातल्या शोकेसमध्ये बसलेली. कधी कधी देवीच्या चेहऱ्यात युरोपी बाहुलीची गोबरी हनुवटी डोकावते, तर कधी वीणेच्या तारा धरायला बोटंच नसतात. हसू येतं, पण ती चूकच त्या मूर्तीचा इतिहास आहे. अशी मूर्ती घरात असेल तर ती विकूही नका, रंगवूही नका. रंग उडालेला असला तरी तसाच राहू द्या.

आता स्फटिकासारख्या दिसणाऱ्या मूर्तींकडे येऊ. दुकानात ‘क्रिस्टल’ म्हणून मिळते ती काचच असते. 1674 मध्ये इंग्लंडच्या जॉर्ज रॅव्हन्सक्रॉफ्टने काचेत शिशाचं भस्म घालायचं पेटंट घेतलं. शिशाने काच जड होते, कापायला सोपी होते, आणि तिच्यातून प्रकाश जास्त वाकतो, म्हणून पैलूंतून रंग उसळतात. युरोपीय नियमांनुसार लेड क्रिस्टल म्हणवून घ्यायला काचेत किमान 24 टक्के शिशाचं ऑक्साइड लागतं. आपल्याकडच्या संस्थानिकांना या चमचमाटाची भारी हौस होती. ग्वाल्हेरला शिंद्यांच्या जयविलास राजवाड्यात जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची आगगाडी आहे, आणि तिच्या डब्यांत पैलू पाडलेल्या काचेच्या सुरया. मूर्ती नव्हे, पण जिवाची करमणूक तीच.

छोट्या काचमूर्तींचं वेड बरंच अलीकडचं. बोहेमियातल्या डॅनियल स्वारोव्स्कीने 1892 मध्ये काच कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि 1895 मध्ये ऑस्ट्रियातल्या वॅटेन्सला कारखाना काढला. दागिन्यांचे खडे आणि झुंबरांचे लोलक हा त्यांचा धंदा. 1976 मध्ये तिथल्या एका कारागिराने लोलकाचे तुकडे जोडून एक उंदीर केला, आणि तिथून संग्राहकांची अख्खी जमात निर्माण झाली. 1987 मध्ये तर कंपनीने त्यांचं मंडळच काढलं. 2012 पासून कंपनीची काच शिसेविरहित आहे. त्यांची खूण अगदी बारीक कोरलेली असते, भिंग लागतं. जुन्या वस्तूंवर अक्षरं, नंतरच्यांवर हंस.

काच पारखायची तर पैलूंच्या कडा बघा. कापलेल्या काचेच्या कडा धारदार लागतात, साच्यात दाबून काढलेल्या काचेच्या गुळगुळीत, गोलसर. आत बुडबुडे नकोत. सांध्यातला डिंक पिवळा पडला असेल तर वस्तू जुनी आहे किंवा उन्हात राहिली आहे. लेझरने ठोकळ्याच्या आत उमटवलेला गणपती ही यंत्राची करामत. आठवण म्हणून घ्या, पण संग्रहाच्या भावाने नको. तीर्थक्षेत्री स्फटिकाचा म्हणून विकला जाणारा गणपती पुष्कळदा काचेचाच असतो. खरा स्फटिक म्हणजे क्वार्ट्झ हा काचेपेक्षा कठीण आणि हाताला अधिक गार लागतो, आणि आत गोल बुडबुडा दिसला तर तो स्फटिक नाही, हे नक्की.

नवीन घ्यायचं तर काय घ्यावं, असं विचारणाऱ्यांना मी ब्रँड सांगत नाही. स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाजवळ 1953 मध्ये तीन ल्याद्रो भावांनी सुरू केलेल्या कारखान्याचे वाद्यं वाजवणारे गणपती आज आपल्याकडच्या श्रीमंत दिवाणखान्यांत दिसतात. काम उत्तम असतं. पण सर्टिफिकेट, मर्यादित आवृत्ती, ‘पुढे भाव वाढेल’ ही भाषा सुरू झाली की सावध व्हा. हुमेल मूर्तींचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. मारिया इनोसेन्शिया हुमेल या जर्मन जोगिणीच्या चित्रांवरून 1935 पासून गोएबेल कारखान्याने गुबगुबीत मुलांच्या मूर्ती काढल्या. युद्धानंतर जर्मनीत असलेल्या अमेरिकी सैनिकांनी त्या घरी नेल्या, आणि मग अमेरिकेत त्यांचा संग्रह करायची लाट आली. ती पिढी म्हातारी झाली, मुलांना मूर्ती नको झाल्या, बाजारात एकदम ढीग आला आणि भाव गडगडले. कारखाना हजारोंनी काढतो ती वस्तू दुर्मीळ नसते, तिच्या खोक्यावर काहीही छापलेलं असलं तरी. मुलीच्या लग्नाचा पैसा यात अडकवायचा असेल तर त्यापेक्षा बँक बरी.

विकत घेण्याआधी पाहा, भरपूर पाहा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंनी जमवलेला चिनी, जपानी आणि युरोपी वस्तूंचा संग्रह आहे. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात युरोपी चिनी माती आणि काचेची स्वतंत्र दालनं आहेत. गोव्यात गेलात तर चांदोरच्या ब्रागांझांच्या घरात मकाववरून आलेली चिनी मातीची भांडी आणि झुंबरं पाहायला मिळतात, ती जिथे वापरली गेली त्याच खोल्यांत. पुण्याच्या केळकर संग्रहालयातही जरूर जा, चिनी मातीसाठी नव्हे, तर अडकित्ते आणि दिवे यांच्याकडे कलावस्तू म्हणून पाहणारी नजर कशी असते ते पाहायला. दिनकर केळकरांनी तो संग्रह काही राजाच्या खजिन्यातून उभा केला नाही.

मग चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटला किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात जायला हरकत नाही. तिथे घाई करू नका. आधी नाजूक टोकांवरून बोट फिरवा: मूर्तीच्या हाताची बोटं, फुलांच्या पाकळ्या, टोपीचं टोक, छत्रीची काडी. तुटतं ते इथेच. डागडुजी झाकलेली असेल तर तिथला स्पर्श किंचित उबदार, मऊसर लागतो. नोटा तपासायचा जांभळा दिवा खिशात असेल तर उत्तमच, त्याच्याखाली नंतर लावलेला रंग पुष्कळदा वेगळा चमकतो. डागडुजी असली म्हणून वस्तू टाकाऊ नव्हे, पण भाव निम्म्याखाली आणायला हक्काचं कारण मिळालं. विक्रेता ‘राजवाड्यातली आहे’ म्हणाला तर हसून सोडून द्या, सगळ्याच राजवाड्यातल्या असतात. आवडली एक, पण तीन स्वस्तात मिळताहेत, असं झालं तर एकच घ्या.

घरी आल्यावर मूर्ती कधीही तिच्या हाताला किंवा मानेला धरून उचलू नका, बुडाशी धरा. धूळ काढायला रंगकामाचा मऊ ब्रश. फडका लेसमध्ये अडकतो. धुवायचीच तर प्लास्टिकच्या टोपलीत टॉवेल पसरून, कोमट पाण्यात. पण बिनचकाकीची, मॅट दिसणारी जुनी मूर्ती असेल तर आधी कोपऱ्यात ओला कापूस टेकवून बघा, रंग सुटला तर पाणी लावायचं नाही. जोडलेल्या काचमूर्ती भिजत ठेवू नयेत. काचेचा गोळा किंवा मोठी काचमूर्ती खिडकीत उन्हात ठेवू नका, भिंगासारखं ऊन एकवटून पडदा पेटू शकतो. तुकडा तुटला तर फेविक्विक लावायची घाई नको. तो तुकडा कागदात गुंडाळून जपून ठेवा, जाणकाराला तोच हवा असतो. परदेशी राहणाऱ्या मुलांना जुनी मूर्ती द्यायची असेल तर एक गोष्ट लक्षात असू द्या: 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. शंका असेल तर पुरातत्त्व विभागाकडून आधी दाखला घ्या.

आणि एक वही करा. प्रत्येक मूर्तीचा समोरून, मागून आणि बुडाचा फोटो, कुणी आणली, कुठून, साधारण कधी, काय दिलं, कुठे टवका आहे. आजी, आत्या, मावशी आहेत तोवर त्यांना विचारून घ्या, ‘ही मडम कुणी दिली?’ नंबराची चिठ्ठी मूर्तीला चिकटवायची नाही, चिकटपट्टीबरोबर सोनेरी वर्ख निघून येतो. चिठ्ठी खोक्यात ठेवा, आणि खोकं माळ्यावर नको, तिथून काढताना ते हातून पडायचीच भीती.